आधुनिक अद्भुतकथेत एल्फ, ड्वॉर्फ आणि ऑर्क कसे वापरावेत

एल्फ म्हटला की तो उंच, देखणा, टोकदार कानांचा आणि शेकडो वर्षे जगणारा. ड्वॉर्फ म्हटला की बुटका, दाढीवाला, खाणीत राबणारा आणि सोन्यावर जीव टाकणारा. ऑर्क म्हटला की सुळे बाहेर आलेला, हिरवट कातडीचा आणि सदा हातघाईवर आलेला. अद्भुतकथेच्या वाचकाला ही मंडळी इतकी ओळखीची झाली आहेत की नुसते नाव घेतले तरी चित्र उभे राहते आणि नवा लेखक याच सोयीवर विसंबून त्यांना कथेत आणतो. कथा किल्ल्यांच्या आणि तलवारींच्या जगात घडत असेल तोवर हे निभावून जाते. परंतु त्याच मंडळींना बँका, विमा, कारखाने, निवडणुका आणि मोबाइल असलेल्या जगात आणले की त्यांचे ओळखीचे रूप उसने वाटू लागते. आधुनिक जग मुदतींवर, नोंदींवर आणि सरासरींवर चालते. निवृत्तीचे वय, कर्जाची परतफेड, शिक्षेची वर्षे, जिन्याच्या पायरीची उंची, रस्त्यावरच्या दिव्यांमधले अंतर हे सारे माणसाच्या शरीरावरून आणि माणसाच्या आयुष्यावरून ठरलेले असते. त्या जगात निराळ्या शरीराचा किंवा निराळ्या आयुर्मानाचा समाज राहत असूनही यांपैकी काहीच बदललेले नसेल, तर लेखकाने वंश आणलेले नाहीत, फक्त वेशभूषा आणली आहे.

म्हणून वंशाचे वैशिष्ट्य वर्णन म्हणून न वापरता कारण म्हणून वापरावे. पुढचे सर्व विवेचन या एकाच सूत्राभोवती आहे.

साचा कुठून आला हे आधी पाहावे

जो साचा आपण मोडणार किंवा वाकवणार आहोत तो किती जुना आहे हे माहीत असलेले बरे, कारण लोकांना वाटतो तितका तो प्राचीन नाही. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या एड्डा या स्कँडिनेव्हियन पुराकथांच्या ग्रंथामध्ये प्रकाशात राहणारे आणि जमिनीखाली राहणारे असे दोन प्रकारचे एल्फ आहेत, तर ड्वॉर्फ हे यमिर नावाच्या आदिराक्षसाच्या मृत देहातील अळ्यांपासून निर्माण झाले असे सांगितले आहे. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात एल्फांची गणना सरळ राक्षसांबरोबर, बायबलमधील भावाचा खून करणाऱ्या केनच्या शापित वंशजांमध्ये केलेली आहे. जंगलात संथपणे गाणी गाणारा, उदास आणि शहाणा एल्फ आपल्या परिचयाचा झाला तो मुख्यतः इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्यामुळे, म्हणजे 1937 मध्ये आलेल्या ‘द हॉबिट’ आणि 1954–55 मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’ या त्यांच्या कादंबऱ्यांमुळे. त्यांच्या ड्वॉर्फांची बरीचशी नावे तर जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातील एका यादीतून जशीच्या तशी घेतलेली आहेत. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला आणि या सर्वांचे कोष्टक झाले: अमुक वंशाला अमुक गुण, अमुक उणीव, अमुक आयुष्य. ऑर्कांचा हिरवा रंग तर त्याहून पुढचा. तो पटावरच्या युद्धखेळांनी आणि संगणकावरील खेळांनी रूढ केला.

या इतिहासाचा लेखकाला व्यावहारिक उपयोग आहे. वाचकाच्या मनात सर्वांत वर कोष्टकाचा थर असतो, त्याखाली टॉल्किन यांचा आणि त्याखाली जुन्या पुराकथांचा. कोणत्या थरातून काय उचलायचे हे आधी ठरवावे. माझ्या मते सर्वांत वरच्या थरातून कमीत कमी उचलावे. खेळात दोन खेळाडूंना समान संधी मिळावी म्हणून तयार केलेले गुण कथेत निर्जीव वाटतात. सर्वांत खालचा थर मात्र कथाकारांनी अजून पुरेसा खोदलेला नाही.

एक वैशिष्ट्य निवडून त्याचा पाठपुरावा करावा

प्रत्येक वंशाला पाच-सहा वैशिष्ट्ये चिकटवण्यापेक्षा एकच निवडावे आणि ते समाजाच्या कानाकोपऱ्यात काय करते ते पाहावे. एल्फांचे दीर्घायुष्य हे यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण बहुतेक कथांमध्ये ते फक्त एल्फाच्या चेहऱ्यावरील विषादापुरते उरते.

समजा, आपल्या कथेतील एल्फ 700 वर्षे जगतो. एखाद्या एल्फ स्त्रीने आपल्या तरुणपणी 1,000 नाणी वर्षाला 3 टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली आणि 300 वर्षे त्यांना हात लावला नाही, तर त्यांची सुमारे 71 लाख नाणी होतात, आणि ती खर्च करायला ती स्वतः धडधाकट उभी असते. माणसांच्या घरात पैसा इतका काळ एका हाती टिकत नाही. दर पिढीला त्याचे वाटे होतात, कोणी उधळतो, कोणी बुडवतो. म्हणजे काही न करता, कोणतीही जादू न वापरता, केवळ वाट पाहण्याच्या जोरावर शहरातील निम्मी जमीन एल्फांच्या नावावर गेलेली असायला हवी. आता एल्फ हा जंगलात राहणारा गूढ प्राणी न राहता माणसांचा घरमालक होतो आणि कथेला संघर्ष मिळतो.

येथे थांबू नये. आधुनिक समाजात प्रत्येक परिणामावर कोणीतरी तोडगा काढतो, त्या तोडग्यावर कोणीतरी पळवाट शोधते आणि खरी विश्वरचना या ओढाताणीतच घडते. माणसांच्या सरकारने शंभर वर्षांहून जुन्या ठेवींवर कर बसवला असेल काय? मग एल्फांनी दर नव्व्याण्णव वर्षांनी ठेव एकमेकांच्या नावे फिरवण्याची रीत पाडली असेल काय? वास्तवातील माणसांनीही आयुष्याच्या लांबीवर अशाच शकली लढवलेल्या आहेत. अठराव्या शतकात फ्रान्सचे सरकार पैसे उभे करण्यासाठी आजीवन वर्षासने विकत असे, आणि ज्याच्या आयुष्यावर वर्षासन काढले त्याचे वय न पाहता एकच दर देत असे. जिनिव्हाच्या सावकारांनी निरोगी घरांतील धडधाकट लहान मुली निवडून त्यांच्या आयुष्यांवर वर्षासने घेतली, म्हणजे त्या जगतील तितकी वर्षे सरकार पैसे देत राहील. त्या मुलींच्या जागी एकच एल्फ मुलगी असती तर फ्रान्सच्या खजिन्याचे काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. इंग्लंडच्या पारंपरिक कायद्यात मालमत्तेवर अटी घालून ती अनंत काळ अडकवून ठेवता येऊ नये म्हणून मुदत ठरलेली होती ती एखाद्या हयात व्यक्तीचे आयुष्य आणि त्यानंतर 21 वर्षे अशी. वकील मंडळी तेथे राजघराण्यातील वंशजांची आयुष्ये जोडून मुदत लांबवीत. आपल्या कथेतील वकिलाने त्या जागी एल्फाचे नाव घातले की एकाच मृत्युपत्राने एक सबंध वसाहत सातशेभर वर्षे गोठवता येते.

दीर्घायुष्याचे आणखीही धागे निघतात. जन्मठेप ही शिक्षा वर्षांत मोजायची की आयुष्याच्या प्रमाणात? चौदा वर्षे ही एल्फासाठी किरकोळ बाब असेल आणि दीडशे वर्षे तुरुंगात ठेवायचे म्हटले तर पहारेकऱ्यांच्या सहा पिढ्या खपतील. सेवाज्येष्ठतेवर बढती देणाऱ्या कार्यालयात एकशे ऐंशी वर्षे नोकरी झालेला एक एल्फ अधिकारी वर बसला की खालच्या माणसांनी बढतीची आशाच सोडावी. जमिनीच्या जुन्या वादात कागदपत्रांऐवजी प्रत्यक्ष साक्षीदार हजर असतो, मात्र चारशे वर्षांपूर्वीची आठवण कितपत खरी मानावी हा प्रश्न न्यायाधीशापुढे उरतोच. यांतील सर्व धागे एकाच कथेत ओवण्याचा मोह आवरावा. एक निवडावा, बाकीचे स्वतःच्या वहीत ठेवावेत.

ड्वॉर्फांच्या बाबतीत मी दाढी, मद्य आणि कुऱ्हाड या तिन्ही गोष्टी प्रथम बाजूला ठेवण्याचा सल्ला देईन आणि अंधारात दिसण्याच्या शक्तीपासून सुरुवात करायला सांगेन. कोळशाच्या खाणीत मिथेन साचतो आणि उघड्या ज्योतीने त्याचा स्फोट होतो. या स्फोटांनी असंख्य खाणकामगार मेल्यावर 1815 साली हंफ्री डेव्ही याने ज्योतीभोवती बारीक जाळी असलेला सुरक्षित दिवा तयार केला. ज्या समाजाला दिव्याचीच गरज नाही त्याला हा धोका पुष्कळच कमी, त्यामुळे ड्वॉर्फ माणसांच्या कितीतरी आधी खोल खाणी खणू शकतील, त्यांच्याकडे कोळसा आणि लोखंड लवकर येईल आणि वाफेचे यंत्रही कदाचित त्यांच्याकडेच आधी येईल. पण याला दुसरी बाजू आहे, आणि कथाकाराच्या कामाची तीच आहे. डेव्हीच्या दिव्याची ज्योत मिथेन असला की उंचावे आणि प्राणवायू कमी झाला की मंदावे किंवा विझे. म्हणजे तो दिवा प्रकाशाबरोबर इशाराही देत असे. अंधारात पाहणाऱ्या ड्वॉर्फाला हा इशारा मिळत नाही. कुदळीच्या ठिणगीने होणारे स्फोट आणि नकळत गुदमरून होणारे मृत्यू त्यांच्या खाणीत राहतातच. अशा समाजात वायू हुंगणाऱ्या वृद्धांचा मान केवढा असेल, त्यांच्या कामगार संघटनेची पहिली मागणी कोणती असेल, आणि माणसांच्या शहरात भुयारी रेल्वे खोदायला आलेल्या ड्वॉर्फ तुकडीचा अभियंत्याशी पहिला खटका कशावरून उडेल, हे आता लेखकाला आपोआप सुचू लागते. सोन्याचा लोभ मुद्दाम घालावा लागत नाही. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात साचून होणारा सिलिकोसिस त्यांना होतो की नाही, एवढेच जरी ठरवले तरी त्यांच्या म्हातारपणाचे चित्र बदलते.

हाफलिंग, नोम यांसारख्या लहान चणीच्या वंशांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्यांचा सारा प्रश्न मोजमापाचा आहे. नव्वद सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला सतरा सेंटिमीटरची पायरी म्हणजे सरासरी माणसाला बत्तीस सेंटिमीटरची पायरी. अशा पात्राला तीन मजले चढताना दाखवा, म्हणजे वाचकाला शहर कोणी कोणासाठी बांधले ते कळते.

ऑर्कांविषयी अधिक सावधगिरी

सर्वांत अवघड भाग हा आहे. उपजत दुष्ट असा एक सबंध समाज ही कल्पना युद्धकथेत सोयीची असते, कारण त्यांना कितीही मारले तरी नायकाला पाप लागत नाही. परंतु जे चेहरे, ज्या बोली आणि ज्या चालीरीती त्या समाजाला दिल्या जातात त्या कुठूनतरी उचललेल्या असतात. टॉल्किन यांनी 1958 सालच्या एका पत्रात ऑर्कांचे रूप स्पष्ट करताना मंगोल चेहरेपट्टीचा अवमानकारक दाखला दिला आहे. ऑर्क मूळचे कोण आणि ते सुधारू शकतात की नाही, याविषयी त्यांनी स्वतःच पुढे निरनिराळी उत्तरे लिहून पाहिली. एकही उत्तर त्यांच्या मनाला पुरते पटले असे दिसत नाही. खेळांच्या जगातही हा बदल झाला आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2024 च्या मुख्य नियमपुस्तकात ऑर्क हे खेळाडूला निवडता येणारे पात्र आहे आणि ताकद, बुद्धी यांसारख्या गुणांतील वाढ जन्मजात वंशावरून न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरते.

यावर नवे लेखक सामान्यतः दोन उपाय करतात आणि मला दोन्ही अपुरे वाटतात. पहिला म्हणजे दुष्ट ऑर्काच्या जागी निसर्गाच्या सान्निध्यात राहणारा, साधा, शूर आणि अन्यायाने गांजलेला ऑर्क उभा करणे. त्यात रंग बदलतो, ठोकळा तोच राहतो. दुसरा उपाय म्हणजे ऑर्कांना वास्तवातील एखाद्या पीडित समाजाचे प्रतीक करणे. हे दिसायला धाडसाचे असले तरी त्यात एक खड्डा आहे. आपल्या कथेतील ऑर्क जर खरोखरच माणसाच्या तिप्पट ताकदीचा, लवकर संतापणारा आणि हाताने हाड मोडू शकणारा असेल, तर त्याला घाबरणारा शेजारी पूर्वग्रहदूषित ठरत नाही, तो व्यवहारी ठरतो. आणि ज्या खऱ्या समाजाचे प्रतीक म्हणून ऑर्क आणला त्या समाजाविषयीची भीतीही रास्तच होती, असा अर्थ लेखकाच्या मनात नसताना निघतो. प्रतीक वापरायचेच असेल तर भीतीचे कारण खोटे असायला हवे, आणि कथेत ते खोटे असल्याचे दिसायला हवे.

याहून चांगला मार्ग साधा आहे: ऑर्कांना आपसांत भांडू द्यावे. एकाच प्रसंगात किमान तीन ऑर्क आणावेत आणि एका ठोस प्रश्नावर तिघांची तीन मते असावीत. गोदीवर काम करणाऱ्या ऑर्कांना जड ओझी उचलण्याचा वेगळा, जास्त दर मिळतो, असे समजू. एक म्हातारा हमाल म्हणतो की हा दर लढून मिळवला आहे, तो सोडायचा नाही. त्याची मुलगी म्हणते की या दरामुळेच आपल्याला कोणी कचेरीत घेत नाही, कारण ऑर्क म्हणजे पाठ, डोके नव्हे, असे सर्वांनी ठरवून टाकले आहे. तिसरा एक मध्यस्थ असतो. त्याला दोन्ही बाजूंकडून दलाली मिळते आणि वाद मिटू नये अशीच त्याची इच्छा असते. या तिघांत दुष्ट कोण, हे सांगण्याची गरज उरत नाही. शिवाय त्यांच्या शरीराचे वैशिष्ट्य वादाच्या मुळाशी आहे, म्हणजे आपले मूळ सूत्रही सुटले नाही.

ऑर्क आले कुठून, याचे उत्तर बदलूनही बरेच साधते. 1989 साली आलेल्या शॅडोरन या खेळाने एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क आणि ट्रोल (लोककथांतील धिप्पाड राक्षस) यांना थेट एकविसाव्या शतकातील महाकाय कंपन्यांच्या शहरांत आणले, आणि त्यात अनेक ऑर्क हे माणसांच्याच घरांत जन्मलेले, पुढे एकाएकी रूप पालटलेले आहेत. मग परका वंश ही कल्पनाच डळमळते; तो कोणाचा तरी भाऊ असतो, आणि त्याच्या खोलीचे दार आता त्याला ठेंगणे पडते.

मिश्र विवाह आणि त्यांची संतती यांबाबतचा नियम पहिल्या प्रकरणाआधीच ठरवावा. वंश एकमेकांत मिसळू शकत असतील, तर काही शतकांच्या सहवासानंतर शहरात शुद्ध वंशाचे लोकच अल्पसंख्य झाले असतील. मिसळू शकत नसतील, तर दत्तकविधान आणि वारसाहक्क यांचे कायदे गुंतागुंतीचे होतील. सातशे वर्षे जगणारी आई आणि साठीत थकलेला मुलगा हे नाते मला व्यक्तिशः एल्फांच्या सर्व राजवंशांपेक्षा अधिक लिहिण्याजोगे वाटते.

कागदावर उतरवताना

एवढा विचार केल्यावर तो सगळा वाचकाला सांगून टाकण्याची घाई होते. कथेच्या आरंभी वंशांची माहिती देणारी दोन पाने लिहिणे ही त्याची नेहमीची परिणती. हिशेब लेखकाकडे राहावा. वाचकापर्यंत फक्त त्याचा परिणाम पोहोचावा. उदाहरणार्थ, पुढचा मजकूर पाहा: “एलेरिन बँकेच्या खिडकीपाशी आली. तिचे कान टोकदार होते, केस रुपेरी होते. ती एल्फ होती आणि एल्फ लोक सातशे वर्षे जगतात.” यात चूक काही नाही, पण घडतही काही नाही. हाच प्रसंग असा लिहिता येईल:

“जन्मदाखला?” कारकुनाने मान वर न करताच विचारले.

“जोडला आहे.”

“यावर शिक्का आहे ते राज्य आता अस्तित्वात नाही, बाई.”

“ठाऊक आहे. ते बुडाले तेव्हा मी तिथेच होते.”

“मग दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे लागतील. साक्षीदार तुम्हाला जन्मापासून ओळखणारे हवेत.” त्याने आता पहिल्यांदा वर पाहिले. “म्हणजे माणसे चालणार नाहीत.”

कान, केस आणि वर्षांचा आकडा यांपैकी एकाचाही उल्लेख न करता वय कळले, परकेपणा कळला, कचेरीला अशा अर्जांची सवय आहे हे कळले, आणि साक्षीदार शोधण्याचे काम एलेरिनच्या मागे लागून कथा पुढे सरकली. कारकून तिला हसत नाही की तिच्यापुढे भारावूनही जात नाही, हे मुद्दाम तसे ठेवले आहे. ज्या शहरात अनेक वंश पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले आहेत तेथे कुतूहल कधीच संपलेले असते आणि त्याची जागा अर्जाच्या नमुन्याने घेतलेली असते.

बोलण्याच्या ढंगाबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. एका वंशाला एखाद्या प्रांताची किंवा जातीची बोली देऊन टाकणे ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे आणि ती लगेच उघडी पडते. त्यापेक्षा वंशाच्या अनुभवातून येणारे वाक्प्रचार घडवावेत. अंधारात पाहणारा समाज अज्ञानाला अंधार म्हणणार नाही. सातशे वर्षे जगणारा एल्फ “लवकरच भेटू” म्हणाला तर माणसाने त्यावर विसंबू नये. असे दोन-चार प्रयोग संपूर्ण कादंबरीला पुरतात. पानोपानी पेरले की ते चुटके वाटू लागतात.

लेखन चालू असताना एक साधी नियमवही जवळ ठेवावी आणि तीत प्रत्येक वंशाचे आयुर्मान, सज्ञान होण्याचे वय, अपत्यसंख्या, दृष्टी, उंची आणि त्यांना लागू असलेले दोन-तीन कायदे एवढेच लिहावे. अपत्यसंख्येकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चुका तेथेच जास्त होतात: एल्फ स्त्रीला शंभर वर्षांत एखादेच मूल होत असेल, तर मागच्या प्रकरणातील लढाईत मेलेल्या पाच हजार एल्फांची जागा भरून यायला काही शतके जातील, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचे संख्याबळ तितकेच घटलेले असले पाहिजे. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर प्रत्येक प्रकरण या वहीशी ताडून पाहावे. ज्या प्रकरणात वहीतील एकाही नोंदीचा उपयोग झालेला नाही, त्यातील एल्फाला खुशाल माणूस करून टाकावे. पुष्कळदा प्रकरण त्याने सुधारते, आणि उरलेले एल्फ अधिक ठळक दिसतात.